आज कोणाची सुई?

मी एक जुना फॉर्म्युला आहे, मित्रांनो. आदिलाबादच्या एका दवाखान्यातल्या संगणकात, एका भल्यामोठ्या एक्सेल फाइलच्या शेवटच्या पानावर, एका चौकोनात राहतो. कुत्रा चावलेल्यांपैकी आज कोणाची सुई आहे आणि कोणाची राहून गेली, त्यांची नावं दाखवणं हे माझं काम. जखम भरली की माणसं पुढच्या सुया विसरतात, म्हणून इथल्या कारकून दीपमालाताईंनी मला बनवलं. रोज सकाळी त्या आधी माझ्याकडे बघायच्या आणि मग फोन उचलायच्या. काय थाट होता माझा!

पुढे फाइल फुगत गेली. जुन्या वर्षांची पानंही तिच्यातच राहिली. कुठे एक नाव लिहिलं की आम्ही हजारो फॉर्म्युले पुन्हा मोजायला बसायचो आणि पडदा गोठायचा. खिडकीपुढे लोक ताटकळायचे. कंटाळून ताईंनी आपोआप होणारी मोजणीच बंद केली, सेव्ह करतानाचीसुद्धा. आता एफ-नाइनची कळ दाबली तरच आम्ही मोजणार. गर्दीत ती कळ दाबायची राहूनच गेली.

तारीख पुढे गेली, मी मात्र मागेच अडकलो. माझ्यावर तीच शिळी नावं बघून ताईंना वाटलं, हे लोक आलेच नाहीत. त्या त्यांनाच पुन्हा फोन करत राहिल्या. मला ओरडावंसं वाटायचं, पण आम्हाला तोंड कुठे असतं?

एक दिवस तलमडुगूचे मारोतराव चिडून आले. "बाई, सुया सरल्या ना माह्या. मंग रोज रोज फोन काऊन करून राह्यल्या?"

कळ दाबायची राहिली हे ताईंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी कळ दाबली. आम्ही मोजत गेलो आणि माझ्यावर तामसीच्या रुक्माबाईंचं नाव आलं. त्यांची सुई परवाच होती, ती राहून गेली होती. फोन लावला तर बंद. ताई तशाच तामसीची बस धरून गेल्या.

मी इथे एकटाच. कुत्रा पिसाळलेला असला तर सुई चुकवणं म्हणजे जिवाशी खेळ. माझा जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी रुक्माबाईंची कुरकुर ऐकू आली. "जखम तं भरली वं बाई. कापूस येचाचा होता मले."

"जखम भरली म्हून विष जात नाही, मावशी. पह्यले सुई घ्या."

सुई झाली. ताईंनी नोंद केली, कळ दाबली आणि माझा चौकोन कोरा झाला.

आता ताई रोज न चुकता कळ दाबतात. मित्रांनो, गप्प बसलेल्याचं कालचं उत्तर आजही खरं धरू नका, त्याला पुन्हा विचारा. बहुतेक दिवस संध्याकाळपर्यंत मी कोरा होतो. ताई एकदा बघतात आणि पान मिटतात. एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू? पण मी कोरा म्हणजे कोणाची सुई राहिलेली नाही. असाच कोरा राहू दे मला.