पाचशे शब्दांत बसवलेला बाप

ते वाक्य माझं होतं, हे आधीच सांगून टाकते. "डोंगर माझ्या वडिलांना कधीच अडवू शकला नाही." कॅली डीटनच्या अर्जातलं हे वाक्य कॅलीने लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलं मी, लोर्ना गॅबर्डने, आमच्या काउंटीच्या हायस्कूलमध्ये बावीस वर्षं मुलांचे कॉलेजचे अर्ज भरून घेणाऱ्या बाईने. आणि लिहिलं तेव्हा मला ते फार आवडलंही होतं.

पूर्व केंटकीच्या या डोंगरांतून मुलं बाहेर पडतात ती बहुतेक सैन्यात, नाहीतर नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला. राज्याच्या विद्यापीठातल्या ऑनर्स कॉलेजात आमचं एकही पोर कधी गेलं नव्हतं. ऑनर्स कॉलेज म्हणजे विद्यापीठाच्या पोटातलं दुसरं, लहान विद्यापीठ. पहिल्या वर्षाला येणाऱ्या हजारो मुलांतून शंभरेक निवडतात, त्यांना वेगळं वसतिगृह देतात, वेगळे वर्ग देतात आणि चारही वर्षांची फी माफ करतात. त्यासाठी गुण लागतात, शिक्षकांची पत्रं लागतात आणि एक निबंध लागतो, पाचशे शब्दांचा. विषय दरवर्षी तोच, फक्त कपडे बदलून येतो: तुमच्यावर कोणतं संकट आलं आणि त्यातून तुम्ही कसे उभे राहिलात. शहरातल्या पोरांना म्हणे संकट शोधावं लागतं. आमच्याकडे त्याची टंचाई नाही.

कॅलीचं संकट आमच्या घळीतल्या सगळ्या वस्तीला माहीत होतं. तिचा बाप रँडल माझ्याच वर्गातला. एकोणतीस वर्षं तो कोळशाच्या खाणीत होता, आणि आता त्याची फुप्फुसं काळ्या धुळीने भरली होती. नाकात नळी, बाजूला चाकांवरची ऑक्सिजनची टाकी. खाणकंपनी म्हणत होती, एवढं काही झालेलं नाही, हा माणूस काम करू शकतो. त्याचा भरपाईचा दावा पाच वर्षं रखडला होता.

नोव्हेंबरमध्ये कॅली निबंध घेऊन माझ्या खोलीत आली. आठशे अकरा शब्द, वहीच्या कागदावर, पेन्सिलीने. तिने लिहिलं होतं ते सँगबद्दल. सँग ही आमच्या डोंगरात सावलीत वाढणारी मुळी. सप्टेंबर लागला की लोक ती खणायला वर चढतात, वाळवून विकतात. रँडल पोरीला सहा वर्षांची असल्यापासून नेत होता. तीन फांद्यांच्या आतलं झाड खणायचं नाही, आणि जिथून खणलं तिथेच त्याच झाडाची लाल फळं बोटभर मातीखाली पुरून यायची, हे त्याने तिला शिकवलेलं.

तिच्या कच्च्या लिखाणात त्या वर्षीची चढण होती. मला ती अजून पाठ आहे, तिच्याच शब्दांत: चाळीस मिनिटांच्या वाटेला चार तास लागले. डॅडी दर दहा पावलांनी झाडाला टेकायचा. टाकी मी पाठीवर घेतली होती. तो खोकला आणि रुमाल काळा झाला, तेव्हा त्याने तो घाईघाईने खिशात घातला, जसं काही मी पाहिलंच नाही. वर पोचल्यावर त्याला वाकता येईना. मी खणलं. तो लाल फळं ओंजळीत धरून बसून राहिला आणि म्हणाला, आता पुढच्या खेपेला तू एकटीच ये.

वाचून माझे डोळे भरले. आणि डोळे पुसून मी लाल पेन उघडलं.

"तीनशे अकरा शब्द जास्त आहेत गं," मी म्हटलं.

"माहितेय मिस लोर्ना. म्हणून तर आणलं. मला कुठूनच काही काढता येत नाहीये."

मला मात्र काढता आलं. आजारी बाप प्रत्येक दुसऱ्या अर्जात असतो, वाचणारे कंटाळतात, त्यांना रडगाणं नको असतं, जिद्द हवी असते. असं माझं म्हणणं. तीन परिषदांना जाऊन, तिथली फुकटची सँडविचं खाऊन मी हे ज्ञान मिळवलं होतं. चार तास गेले. झाडाला टेकणं गेलं. रुमाल गेला, टाकी गेली. राहिलं ते असं, की दर सप्टेंबरात बाप आणि लेक डोंगर चढतात, बाप तिला मुळी ओळखायला शिकवतो, फळं परत पेरायला शिकवतो, आणि तेच शिक्षण ती विद्यापीठात घेऊन येणार आहे. आणि शेवट फारच मऊ पडत होता, म्हणून मी माझं वाक्य टाकलं. मोजले तर बरोबर चारशे नव्व्याण्णव.

कॅलीने ते दोनदा वाचलं.

"असं वाटतंय की डॅडी ठणठणीत आहे."

"ठणठणीत नाही गं, खंबीर."

"डॅडी खंबीर नाहीये. डॅडी घाबरलाय."

"हे बघ, त्यांना तुझ्या बापाला भेटायचं नाहीये. त्यांना तू हवी आहेस. तुला जायचंय ना?"

तिला जायचं होतं. तिला इतकं जायचं होतं, की त्या विद्यापीठाच्या नकाशावर कुठल्या इमारतीतून कुठल्या इमारतीत किती मिनिटं लागतील हे तिने पाठ केलं होतं. अर्जाच्या शेवटी एक चौकट होती: हा सर्व मजकूर माझा स्वतःचा आहे आणि खरा आहे. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सगळेच करतात. तिने चौकटीत खूण केली. वहीचे कागद मी खणात टाकले.

फेब्रुवारीत पत्र आलं, निवड झाली. मुख्याध्यापकांनी शाळेच्या भोंग्यावरून सांगितलं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या बायकांच्या गळ्यात पडले. आणि मग मी ते केलं, जे आमच्या गावात कुणीही केलं असतं. आमच्या साप्ताहिकात सगळं छापून येतं. कुणाच्या पोराने पहिलं हरण मारलं, कुणाचा भोपळा किती पौंडांचा निघाला, कोण कुठे भरती झालं. पोराने कुठे निबंध लिहून काही मिळवलं, तर तो निबंध अख्खा छापतात, फोटोसकट. मी कुणालाही न विचारता तो पाठवून दिला. विचारायचं काय त्यात, अभिमानाची गोष्ट!

रँडलने कात्रण फ्रिजवर चिकटवलं. मी गेले तेव्हा तो खुर्चीत बसून होता, नळी लावून.

"लोर्ना, वर्तमानपत्रात माझं नाव आलं आणि शेरीफचं आलं नाही, असं पहिल्यांदाच झालं बघ," तो म्हणाला. हसायला गेला आणि खोकला लागला. त्याची बायको ग्लेंडा त्याची पाठ चोळत राहिली. खोकला थांबेपर्यंत माझी कॉफी गार झाली.

रँडलच्या दाव्याची सुनावणी एप्रिलमध्ये होती, काउंटीच्या कोर्टात. मी सुट्टी काढून गेले, शेवटच्या बाकावर बसले. कॅली आणि ग्लेंडा पुढे होत्या. रँडलने शपथ घेऊन सांगितलं की रस्त्याकडेच्या टपालपेटीपर्यंत जाताना त्याला दोनदा थांबावं लागतं. त्याच्या वकिलाने डॉक्टरांचे कागद दिले. कंपनीच्या डॉक्टरांचे कागद त्याच्या बरोबर उलट होते, ते तर नेहमीचंच.

मग कंपनीचा वकील उठला. तरुण होता, आवाज मऊ. त्याने फाइलमधून आमचं साप्ताहिक काढलं.

कॅलीचा फोटो मला शेवटच्या बाकावरूनही ओळखू आला.

"मिस्टर डीटन, हा तुमच्या मुलीचा निबंध. अभिनंदन, फार सुंदर लिहिलाय. 'दर सप्टेंबरात डॅडी आणि मी डोंगर चढतो.' गेल्या सप्टेंबरातही चढलात?"

"चढलो," रँडल म्हणाला. "पण कसा, ते..."

"हो किंवा नाही एवढंच सांगा."

"हो."

"'डोंगर माझ्या वडिलांना कधीच अडवू शकला नाही.' हे तुमच्या मुलीचं वाक्य. या अर्जात प्रत्येकाला लिहून द्यावं लागतं की मजकूर स्वतःचा आहे आणि खरा आहे; तिनेही दिलंय. तुम्ही शपथेवर सांगता की टपालपेटीपर्यंत जाता येत नाही. दोन्ही खरं कसं असेल? एकतर तुमची मुलगी विद्यापीठाशी खोटं बोलली, नाहीतर तुम्ही या कोर्टाशी बोलताय. कोण खोटं बोलतंय?"

कॅली ताडकन उभी राहिली. "ते वाक्य..."

"खाली बस," रँडल म्हणाला. आवाज मोठा नव्हता, तेवढा वाराच त्याच्या छातीत नव्हता. पण ती बसली. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावरून मागे, माझ्याकडे पाहिलं. मग तो वकिलाकडे वळला.

"माझी पोरगी खोटं बोलत नाही," तो म्हणाला.

त्या क्षणी मी उठायला हवं होतं. वहीचे ते कागद माझ्या खणात होते, कोर्टापासून गाडीने सहा मिनिटांवर. तोंडातून एवढंच काढायचं होतं, की वाक्य माझं आहे. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले. मनाशी म्हटलं, आता बोलले तर कॅलीची जागा जाईल. ते खरंच होतं. माझी नोकरीही जाईल, हेही खरं होतं, आणि कोणतं खरं मला बाकाला चिकटवून होतं ते मी अजूनही शपथेवर सांगू शकणार नाही.

बाहेर पायऱ्यांवर रँडल दम खात बसला होता. ग्लेंडा गाडी आणायला गेली होती, कॅली दूर पार्किंगच्या कठड्याशी पाठ करून उभी होती.

"तुझंच आहे ते वाक्य," तो म्हणाला. "सातवीत तू मला व्हॅलेंटाइनचं कार्ड दिलं होतंस. त्यातही डोंगरच होता."

"मी आत जाते, रँडल. आत्ता जाऊन सांगते सगळं."

"आणि मग? विद्यापीठवाले तिला ठेवतील?"

मी कठड्याशी उभ्या कॅलीकडे पाहिलं.

"मग गप्प बस. तिला ऑगस्टमध्ये जाऊ दे." त्याने श्वास गोळा केला. "मला तसंही कुठे जायचंय?"

मेल्याने मला गप्प बसायची परवानगीच देऊन टाकली. मी ती घेतली आणि घरी जाऊन नीट जेवले, झोपलेही. सांगायला लाज वाटते, पण झोप लागली.

निकाल जूनमध्ये आला, दावा फेटाळला. निकालपत्राच्या सातव्या पानावर माझं वाक्य छापलेलं होतं, अवतरणचिन्हांत, आणि त्याखाली रँडलचं: 'माझी पोरगी खोटं बोलत नाही.' जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रँडल गेला, दुपारी, खुर्चीतच. फ्यूनरलनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मीही बटाट्या-चीजचा कॅसरोल भाजून नेला होता. कॅलीने सगळ्यांच्या ताटांत वाढलं, माझ्याही. आणि लगेच पुढच्या ताटाकडे वळली.

आमच्याकडे खाणवाल्यांच्या बायका नवरा गेला की पहिल्यांदा एक गोष्ट विचारतात: चिरून बघणार ना? कारण जिवंत माणसाच्या फुप्फुसांवर वकील वाद घालतात, आणि मेलेल्याची टेबलावर ठेवता येतात. ग्लेंडानेही विचारलं. अहवालात लिहून आलं, दोन्ही फुप्फुसं काळी, दगडासारखी घट्ट. आता विधवेच्या नावाने नवा दावा करता येणार होता.

ऑगस्टमध्ये, विद्यापीठ सुरू व्हायला आठ दिवस असताना, कॅली माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. शाळा अजून उघडायची होती, व्हरांड्यात जमिनीला लावलेल्या मेणाचा वास होता.

"माझे कागद द्या, मिस लोर्ना. वहीचे."

मी खण उघडून दिले. तिने उभ्यानेच वाचले. रुमालाच्या ओळीशी ती थांबली, तिचे ओठ हलले, मग तिने पान उलटलं.

"आमचे वकील म्हणतात, मी जबानी लिहून द्यायची. शेवटच्या वर्षी डॅडी कसा होता ते. हे कागद सोबत जोडायचे." तिने खुर्ची ओढली. "ते वाक्य कुणाचं, तेही लिहिणार आहे. तुमचं नाव येईल."

"येऊ दे," मी म्हटलं. "पण कॅली, ऑनर्सवाल्यांच्या कानावर गेलं तर तुझी जागा जाईल गं. तुझ्या बापाने त्या जागेसाठी..."

"कानावर जायची वाट कशाला बघू? त्यांना मीच काल सगळं लिहून पाठवलंय. ठेवलं तर जाईन, नाही ठेवलं तर नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, आणि हुबेहूब त्याचे होते. "डॅडी आयुष्यात एकदाच खोटं बोलला, मिस लोर्ना. ते त्या सातव्या पानावर त्याच्या नावाने तसंच राहू द्यायचं?"

मी कोरे कागद काढले, पेन काढलं, तिच्यासमोर ठेवलं. मग तिच्या बाजूची खुर्ची ओढायला लागले. बावीस वर्षांची सवय.

"याला शब्दांची मर्यादा आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली.

मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. संध्याकाळ झाली, शिपाई दिवे लावून गेला, तरी ती लिहीतच होती.