मोजणीच्या चौकटीची कैफियत

मी एक चौकट. चार लाकडी पट्ट्या, चार खिळे, बाजू एकेक मीटरची. लोक ऊठसूट ‘चौकटीबाहेर विचार करा’ म्हणत फिरतात. माझ्याविषयी केवढा हा आदर!

सुताराने मला एका घरातल्या मोडक्या खाटेतून घडवलं. त्या घरात दोघी जावा, थोरली आणि धाकटी. चाळीस गाई आणि कुरण दोघींचं. मला कुरणात ठेवायचं आणि आत किती जातींचं गवत आहे ते मोजायचं, ही धाकटीची कल्पना. पहिल्या दिवशी निघाली एक जात. बाकी खडे आणि शेण. वर्षानुवर्षं एकाच जागी चरून केलेली प्रगती ती हीच!

धाकटीने कुरणाचे चार भाग पाडले. एकात गाई चरतील, बाकी तिन्हींना विश्रांती.

“जमिनीला सुट्टी?” थोरली हसली. “मला तर लग्न झाल्यापासून एक दिवस मिळाली नाही.”

दुसऱ्या वर्षी चारा कमी पडला. एका सकाळी थोरलीने राखलेल्या भागाचं फाटक उघडलं आणि सहा महिन्यांचं गवत गाईंनी दुपारपर्यंत फस्त केलं.

“वाऱ्याने उघडलं असेल,” थोरली म्हणाली. कडी काढून ठेवणारा वारा! भलताच शिकलेला.

धाकटी भांडली नाही. तिने मला तिथे ठेवलं. “मोजा, जाऊबाई.”

थोरली खाली बसली. बराच वेळ माती चाचपत राहिली. “काही नाही उरलं गं. उपाशी हंबरत होत्या, मला ऐकवेना.”

“मग मला हाक मारायची. दोघींनी मिळून कुठून तरी चारा आणला असता.”

तेव्हापासून फाटकावर थोरलीचाच पहारा. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या, की घर सुरक्षित!

चौथ्या वर्षी माझ्यात चौदा जाती निघाल्या. त्यातल्या निम्म्या धाकटीच्या जाडजूड पुस्तकात सापडेनात; थोरलीला नावं तोंडपाठ. पुस्तकाची ती फजिती मी मनापासून एन्जॉय केली.

यंदा मला एका झुपक्यावर ठेवलं, तर आत घरटं. तीन ठिपकेदार अंडी. धाकटी मला उचलायला वाकली.

“हात नको लावूस,” थोरली कुजबुजली. “आई बघतेय.”

दोघी पाऊल न वाजवता मागे फिरल्या. मी तिथेच राहिले.

पिल्लं कधीच उडून गेली. पावसाने मी फुगले, एक खिळा निखळला. दोघी दोनदा शोधून गेल्या; एवढ्या गवतात मी सापडत नाही म्हणे. इतक्या वर्षांच्या चाकरीची ही बक्षिसी!

वाचकहो, चुकून तुमचा पाय लागला, तर कृपा करून मला उचलू नका. हरवण्यात एवढं सुख असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.