तिसरं दार

"काय पायजे?"

शेषरावनं मान वर केली नाही. दोन्ही हातांत वाडगं धरायचं, नजर जमिनीकडे ठेवायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. नागपूरच्या शिबिरात आलेल्या सिंहली भिक्खूंना त्यानं असंच करताना पाहिलं होतं.

"मास्तर, तुले इचारून राहिलो ना मी. काय पायजे?"

"भिक्षा, बाबा."

"म्हंजे?"

"भाकर. द्याल ते."

डोमाजी उंबऱ्याबाहेर आला. वाडग्यात आधीच दोन भाकरी होत्या. पहिल्या दोन घरांनी काही न बोलता घातल्या होत्या. गंगूबाईनं तर घालताना तोंड दुसरीकडे वळवलं होतं आणि शेषरावला तो आदर वाटला होता.

"भिक्षा मांगाले तू काय भिक्कू हायेस?" डोमाजी म्हणाला. "डोक्याले तं तेल लावून भांग पाडेल हाये."

शेजारच्या अंगणात कोणीतरी हसलं. डोमाजी हसला नाही.

"चाळीस वर्सं गावकी केली म्या, गावाचं पडन ते काम. रोज सांजच्याले टोपलं घेऊन अस्याच दारात उभा राहो. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून सोडलं. गावानं काम बंद केलं, उपाशी निजलो, पण परत मांगाले गेलो नाई. अन् तू अमरावतीहून आमाले हात पसरणं शिकवाले आला?"

"बाबा, हे तसं नाई. धम्मात भिक्षेले..."

"घरी जा."

दार बंद झालं. चौथ्या दाराकडे जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

१९५८ सालच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. शेषराव एकोणीस वर्षांचा, अमरावतीचा, मॅट्रिक झालेला. अकोल्याच्या समितीनं त्याला बार्शीटाकळीपुढच्या या वस्तीत चार महिन्यांसाठी पाठवलं होतं. वस्तीनं दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती, पण त्रिसरण-पंचशील कोणाला धड पाठ नव्हतं. रोज संध्याकाळी वंदना शिकवायची आणि पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची, एवढं त्याचं काम. राहायला एक रिकामी खोली होती. जेवायला घरं पाळीपाळीनं बोलावत. महिनाभरात पंचवीस-तीस माणसं नेमानं बसू लागली होती. वाडग्याची कल्पना त्याची स्वतःची. लोकांना खरा धम्म डोळ्यांनी दिसावा, असं त्याला वाटलं होतं.

त्या संध्याकाळी त्यानं निंबाखाली सतरंजी अंथरली, मेणबत्ती लावली. कोणी आलं नाही. त्यानं एकट्यानंच वंदना म्हटली. आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला. डोमाजीच्या शब्दाबाहेर वस्ती नव्हती. वर्ग असाच रिकामा राहिला तर समिती त्याला परत बोलावणार, आणि वस्तीला पुन्हा माणूस मिळेलच असं नव्हतं.

तो मेणबत्ती विझवत असताना डोमाजीची सून दुर्गाबाई आली. हातात झाकलेली थाळी होती.

"आज पाळी आमची हाये," ती म्हणाली. "मामंजींनीच पाठोली. रागावू नोका त्यायच्यावर."

"मी काहून रागावू? माह्यंच चुकलं."

"गावकीच्या भाकरी एवढ्या येत की संपत नसत. मंग छपरावर वाळू घालत. उन्हाळ्यात तेच तुकडे भिजवून खात. अजूनबी छपरावर पापड टाकले तं मामंजी वर पाह्यत नाईत." तिनं थाळी त्याच्यापुढे ठेवली. "सकाळी बार्शीटाकळीले बैलाची दमणी चालली. घरी जायाचं असन तं सांगून ठेवतो."

शेषरावनं थाळीवरचं फडकं काढलं. गरम भाकर, तुरीच्या डाळीचं वरण. फडकं घडी करून त्यानं तिच्या हातात दिलं.

"उद्या तुमी कुठं चालले?"

"कापूस येचाले. दोन कोसावर. इथचं काम तं बंदच हाये."

"मी येऊ?"

दुर्गाबाई हसली. "या. पण तुमचे हात कागदाचे हायेत, मास्तर."

सकाळी तो त्यांच्यासोबत चालत निघाला. डोमाजी पुढे होता. त्यानं एकदा मागे वळून पाहिलं, आणि तो चालत राहिला. शेतात गंगूबाईनं शेषरावच्या कमरेला कापूस टाकायची ओटी बांधून दिली. बोंडातून कापूस एका झटक्यात निघायला हवा. त्याच्या हाती निम्मा येई, निम्मा बोंडातच राही.

"मास्तर, कापूस येचून राहिले का उवा?" गंगूबाईनं विचारलं. सगळ्या बाया हसल्या. तोही हसला. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांत शिरत होती. दोन तासांत त्याची बोटं रक्ताळली आणि त्याची ओळ सगळ्यांच्या मागे राहिली.

दुपारी बांधावर सगळे शिदोऱ्या सोडून बसले. शेषराव जरा लांब बसला. डोमाजीनं आपली भाकर मोडली, अर्धी त्याच्यापुढे धरली.

"बाबा, काल..."

"कालचं काल झालं. खा. दुपारून तुही ओळ मांगं राहिली तं म्या नाई येचणार."

ठेचा इतका जहाल होता की शेषरावच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोमाजीनं पाण्याचं मडकं त्याच्याकडे सरकवलं.

"एक सांग. मांगणारे तुहे भिक्कू देत काय होते लोकाइले?"

शेषरावनं विचार केला. "शिकवत, बाबा. आपल्याजवळ होतं ते देत."

"मंग आमी काय देत होतो? मेलेलं ढोर ओढत होतो. निरोप पोचोत होतो." डोमाजी दूरच्या ओळींकडे पाहत म्हणाला. "आमी का फुकटची खात होतो? पण देणारा फेकल्यावाणी दे. ते सलते."

 हे शेषरावला शिबिरात कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारनंतर त्याची ओळ मागेच राहिली. पण शेवटची पंधरा-वीस झाडं समोरून कोणीतरी वेचत येत होतं. जवळ आल्यावर दिसलं, डोमाजी होता.

संध्याकाळी शेषरावनं पुन्हा सतरंजी अंथरली. आधी गंगूबाई आली, मग दुर्गाबाई आणि तिचा नवरा, मग एकेक करत सगळी. डोमाजी हातपाय धुऊन, डोक्याला फेटा बांधून आला आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसला.

"सांग, मास्तर. म्या म्हनतो मांगं."

शेषरावनं हात जोडले. बोटं एकमेकांना टेकताच चर्रकन आग झाली. तरी त्यानं ते घट्ट जोडून धरले. समोर मेणबत्तीच्या उजेडात पंचवीस-तीस जणांचे जोडलेले हात होते. प्रत्येक हातावर बोंडांच्या त्याच बारीक लाल रेघा होत्या.