दोनदा वाढवलेली नळी

"बाई, दोन ओळी खरडल्यात तरी पुरे," संपादक फोनवर म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात की विषय संपला. पोरगी नवखी आहे आणि थेट तुमच्या पुस्तकाच्या मुळावर उठलीय. तुमच्याशिवाय हे तपासणार तरी कोण?"

"वाचते आणि कळवते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या पोरीचा लेख सकाळपासून टेबलावर पडला होता. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने चहाची आठवण केली, तेव्हा बाईंनी उठून दूध तापत ठेवलं, गॅस बारीक केला आणि पेन्सिल घेऊन त्या परत टेबलाशी बसल्या.

बाईंचा उभा जन्म रोमन लोकांच्या थडग्यांत गेला. कॉलेजातली मुलं पाठीमागे त्यांना थडगेबाई म्हणत आणि सर्वेक्षण खात्यात नकाशे काढणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला नकाशेबुवा. दोघांनाही ते ठाऊक होतं. बाईंचं नाव झालं ते एका पुस्तकामुळे. वर्षाच्या आतलं मूल गेलं तर रोमन माणूस त्याचा शोक करत नसे, असं त्यांनी त्यात साधार मांडलं होतं. अशा मुलांच्या नावाने कोरलेले दगड फारसे सापडत नाहीत, कायद्यानेही त्यांच्यासाठी शोक पाळायचा नव्हता, घराच्या भिंतीलगत खड्डा केला की झालं. मुलं जायचीच इतकी, की प्रत्येकासाठी रडत बसणं परवडणारं नव्हतं. पुस्तक गाजलं, आणि पुढे कुणाला शंका घ्यायची असली तरी आधी बाईंना नमस्कार करूनच घ्यावी लागे.

बाई या विषयाकडे वळल्या कशा, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्यांची मुलगी आठवडाभरही जगली नव्हती. बाई तेव्हा तापाने फणफणून दवाखान्यात पडल्या होत्या. नकाशेबुवा आणि धाकटे दीर तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. बाई घरी आल्यावर बुवांनी तोंड उघडलं, "अगं, तिला आम्ही..." आणि बाईंनी हात वर केला. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. वर्षभराने बाईंनी संशोधनाचा विषय बदलला. पुस्तक त्यांनी जगासाठी लिहिलं असेल, पण त्यात राहत होत्या त्या स्वतः.

पुस्तकातल्या आकृत्या बुवांनीच काढून दिल्या. एवढेएवढे खड्डे, एवढीएवढी हाडं, आणि एकही रेघ हललेली नाही. ते बघून बाईंना हायसं वाटलं होतं. म्हणजे यांनाही काही वाटत नाही.

त्यांनी लेख वाचायला घेतला. साम्राज्याच्या पार कडेला असलेल्या एका गावाबाहेर एका तान्ह्या मुलाचं थडगं सापडलं होतं. जमिनीवरून थेट त्या मुलाच्या डोक्यापर्यंत मातीची नळी पुरलेली होती. मेलेल्यांना द्राक्षाची दारू पोचवायला मोठ्या माणसांच्या थडग्यांत अशा नळ्या असत, त्यात नवल नव्हतं. या नळीत आतून दुधाचा चिकटा सापडला होता.

बाईंनी समासात लिहिलं, 'एका थडग्यावरून निष्कर्ष नको.' मग लिहिलं, 'नमुना दूषित असू शकतो.' आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम संशोधनालाही लागू आहे. पान उलटलं आणि आकृती आली. नळी तीन तुकड्यांची होती. गाळ साचून जमीन वर येत गेली होती, आणि नळी बुजू नये म्हणून कुणीतरी ती दोनदा वाढवली होती. तिन्ही तुकड्यांत दूध होतं. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात वीसेक वर्षांचं तरी अंतर असावं, असं लेख लिहिणाऱ्या पोरीने म्हटलं होतं.

वीस वर्षांनी ते मूल दूधपितं राहिलं नसतं, बाईंच्या मनात आलं. त्याला दाढी फुटली असती.

"अहो, जरा इकडे या," त्यांनी हाक मारली. "ही आकृती बघा. कुठे गडबड दिसते का?"

बुवा भिंग घेऊन आले. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"चांगली आहे. हात स्वच्छ आहे पोरीचा."

"आणि ते नळीचे जोड? ते ओढूनताणून दाखवल्यासारखे नाही वाटत?"

"नाही गं. खरे असणार. जमीन वर आली की तसं करावंच लागतं."

"करावं लागतं म्हणजे?"

बुवांनी भिंग पुसलं. पुसायची काही गरज नव्हती.

"मी दगड ठेवला होता एक. ओढ्याकाठची जागा, दरवर्षी गाळ यायचा. दोनदा उकरून वर काढून ठेवला."

"कुठे?"

"दवाखान्याच्या मागे, उतारावर. आता तिथे वजनकाटा आहे. ट्रक उभे असतात."

"कधीपर्यंत जात होतात तुम्ही?"

"तुझं पुस्तक छापून येईपर्यंत," बुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मग सोडलं. म्हटलं, एवढा अभ्यास केलाय हिने, माणसं असं करत नसत म्हणते. मलाच काहीतरी झालं असेल."

ते बाहेर गेले. बाईंनी समासातल्या दोन्ही ओळी खोडरबराने पुसल्या. मग कोरा कागद घेऊन संपादकांना लिहिलं की लेख आहे तसा छापावा, आणि माझं पुस्तक या बाबतीत चुकलं आहे, तेही त्यात छापावं. अक्षर नेहमीसारखंच आलं. पण लिहून काय परत येणार होतं? पुस्तक मागे घेता येतं. नवऱ्याला जायचं होतं आणि तो गेला नाही, ती वर्षं कशी मागे घेणार? आणि त्यांना स्वतःला तर जाता येण्यासारखी जागाच उरली नव्हती.

जळकट आंबूस वास आला तेव्हा त्यांना दुधाची आठवण झाली. पातेल्यात दूध फाटून त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. बाईंनी गॅस बंद केला, चिमट्याने पातेलं उचललं आणि मोरीच्या जाळीवर धरलं. जाळीखाली नळी होती. ती कुठे जाते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"नासलं का?" बुवा दारात येऊन म्हणाले. "मग ओतून दे की. चहा कोरा घेऊ."

"हो, ओतते," बाई म्हणाल्या. पातेलं जड नव्हतं, तरी त्यांनी चिमट्याला दुसरा हात लावला. बुवांनी दोन कप विसळून ओट्यावर ठेवले, पाणी उकळायला ठेवलं, साखरेचा डबा काढला. बाई मोरीशी तशाच उभ्या होत्या, पातेलं सरळ धरून.