इरजणाचा फोल्डर

जानरावांच्या मुलीचं, ताराचं, लग्न झालं ते २००९ साल. मांडव उतरला आणि त्याच आठवड्यात त्यांनी मला हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात आणलं. मित्रांनो, मी आता एक जुना संगणक आहे. तेव्हा लावलेली कुंकवाची बोटं माझ्या अंगावर अजून पुसट दिसतात.

जानराव पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त होऊन इथं लागलेले. माझ्यावर त्यांनी पाच प्रोग्राम लिहिले: वजनकाट्याचा, गोदामाचा, भट्टीचा, फाटकाचा आणि माल पाठवण्याचा. लिहिलेल्या सूचनांचा चालता प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड. पाचही बिल्ड ते वेगवेगळे, ठरलेल्या क्रमानं करत. तो क्रम फक्त त्यांच्या डोक्यात होता.

पुढे त्यांची किडनी बिघडली. मालक म्हणाले, "पाचही एकत्र जोडा, एका आज्ञेत बिल्ड व्हायला हवा. नाहीतर हे सगळं काढून नवं घेऊ." आपली मेहनत पुसली जाणार, म्हणून जानराव अंथरुणावर तळमळत.

काम कारखान्यातल्या कांताकडे आलं. तिनं पाचही प्रोग्राम नव्या संगणकावर नेले आणि मला भंगारासाठी कोपऱ्यात ठेवलं. पण बिल्ड काही होईना. तिनं जानरावांना फोन करून स्पीकर लावला.

"काकाजी, सकाळपासून अडकून राहिला. वजनाचा म्हणते आधी गोदामाचा पाहिजे, अन् गोदामाचा म्हणते आधी वजनाचा."

"इरजण नावाचा फोल्डर नेला का?"

"नाही. मले वाटलं, कोणाच्या खाण्यापिण्याचं काही असन."

"घरी दही कायनं लावतेस वं?"

"कालच्या दह्यानं."

"मंग? कालचा तयार झालेला गोदामाचा प्रोग्राम मी त्याच्यात ठेवत होतो. त्याच्यावर आजचा वजनाचा लागते, अन् त्याच्यावर आजचा गोदामाचा."

कांता उठली. तिनं माझ्यावरची धूळ पुसली, वायर लावली. माझा पंखा घरघरला, मला उठायला वेळ लागला. पण फोल्डर माझ्या पोटात शाबूत होता. बिल्ड झाला.

"पण काकाजी, हे इरजण रोज काहून सांभाळायचं?" असं म्हणून तिनं वजनाच्या आणि गोदामाच्या प्रोग्रामला एकमेकांकडून लागणारा मापांचा भाग वेगळा काढला. आधी तो, मग बाकीचे पाच, ओळीनं, आज्ञा एकच.

जानराव म्हणाले, "पंधरा वर्षं मले हे सुचलं नाही, पोरी. नाव काय देलं त्याले?"

"इरजण."

ते इतकं हसले की त्यांना खोकला आला.

मित्रांनो, जुनं टाकण्याआधी ते कोणी आणि कशासाठी ठेवलं, हे विचारत जा. सांगणारा माणूस आहे तोवर विचारा.

जानराव ११ फेब्रुवारी २०२४ ला, रविवारी दुपारी, कुरुदच्या घरी वारले.