तेवीस मिनिटांचा वेलिमोव

सोलापुरात आर्काडी वेलिमोव कळणारा माणूस एकच होता, आणि तो मी होतो. हे मी अभिमानानं नाही, जनगणनेच्या भाषेत सांगतोय. या शहरात चादरीतलं कळणारे हजारो आहेत, शेंगाचटणीतलं तर सगळ्यांनाच कळतं. पण गेल्या शतकातल्या रशियन संगीतकाराचं सातवं क्वार्टेट कळणारा म्हटला की बोट माझ्याकडे. बोट दाखवणाराही बहुधा मीच असे, पण ते असो.

एकोणनव्वद साली सोव्हिएत पुस्तकांची गाडी आमच्या कॉलेजसमोर लागली होती. मी गणिताचं स्वस्त पुस्तक घ्यायला गेलो, ते संपलं होतं. मोकळ्या हातानं परतायचं नाही म्हणून एक तबकडी घेतली. वेष्टनावरचा चष्मेवाला माणूस असा बघत होता, की त्यालाही गणिताचं पुस्तक मिळालं नसावं. नंतर जुन्या बाजारातून एक रेकॉर्डप्लेअर आणला. तेव्हापासून त्या प्लेअरवर दुसरं काही लागलं नाही. हिंदी गाणी घरात आधी कॅसेटवर वाजली, मग मोबाइलवर. प्लेअर मात्र वेलिमोवचा. मोबाइलवर मी वेलिमोवला एकदा शोधलंही. त्या नावाचा एक फुटबॉलपटू सापडला. मला बरं वाटलं.

तबकडीवर तेच सातवं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यं: दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. चौघं मिळून तेवीस मिनिटं शोक करतात. घाई नाही, आक्रोश नाही. मध्येच सूर किंचित हेलकावतो, आवंढा गिळल्यासारखा. यावर मी सिद्धांत मांडला होता. आधुनिक माणसाचं दुःख हे मुळात संथ असतं, आणि ते वेलिमोवला कळलं होतं. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला आमच्या वाचनालयात मी तबकडी लावून व्याख्यान द्यायचो. आठ-दहा लोक यायचे, त्यातले निदान चार भज्यांच्या आधी यायचे.

यंदा वेलिमोवची जन्मशताब्दी. वाचनालयाचे चिटणीस रुद्रप्पा अण्णा म्हणाले, ‘‘संघपाल सर, यंदा पुस्तिका काढू की. तुम्ही गेल्यावर हे कोण सांगणार?’’ मी कुठं जाणार होतो ते त्यांनी सांगितलं नाही. पण चोवीस पानांची ‘संथ शोक’ नावाची पुस्तिका छापून झाली. आयुष्यात माझ्या नावावर एवढंच होतं. बाकी अर्थशास्त्राच्या नोट्स, त्या मुलं वर्षअखेर रद्दीत घालतात.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी अल्लाउद्दीनभाई घरी आले. धम्मप्रियाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, शिलाई मशीन बिघडलं होतं. भाई अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे यंत्रमाग बिघडले की नीट करणारा माणूस. शिकलेले सातवीपर्यंत. मी आतल्या खोलीत तबकडी लावून व्याख्यानाची तालीम करत होतो. तेवढ्यात ते हातात तेलाची बुधली घेऊन दारात येऊन उभे राहिले.

‘‘पट्टा सरकायलाय, सर,’’ ते म्हणाले.

मला वाटलं, मशीनबद्दल बोलतायत. ‘‘मग बदला की,’’ मी म्हणालो.

‘‘तुमच्या ह्याचा. बाजाचा.’’

मी त्यांना बसवलं आणि समजावलं. तो हेलकावा बिघाड नाही, ती शैली आहे. मी आवंढ्याचा मुद्दा सांगितला. ते मन लावून ऐकत होते. मला नाही, तबकडीला.

‘‘आमच्या शेडात साठ माग हायत,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘शेजारी उभा माणूस बोलला तर ऐकू येत न्हाय. पण पल्याडच्या कोपऱ्यातल्या मागाचा पट्टा ढिला पडला की मान आपोआप वळती. ह्ये तसं वाजायलंय. आन् सर, ह्यो माणूस रडत न्हाय. कुणाला तरी चिडवायलाय.’’

‘‘चिडवतोय?’’

‘‘दोघं एक चाल धरतात, बाकीचे दोघं मुद्दाम मागं राहून तिची नक्कल करतात. साहेब शेडात फिरून गेल्यावर कारागीर करतात तशी.’’

छत्तीस वर्षांत हे मला ऐकू आलं नव्हतं. मी ताबडतोब म्हणालो, ‘‘तो एक दृष्टिकोन झाला.’’

धम्मप्रियानं त्यांना चहा दिला. पाहुण्यांसाठीच्या, निळ्या काठाच्या कपात. त्या कपात मला शेवटचा चहा कधी मिळाला, ते आठवण्यात माझा पुढचा वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी ते रेडिओवाल्याकडून पट्टा घेऊन आले. तबकडीखालची थाळी फिरवणारा, रबराचा, साधा, बांगडीएवढा. जुना काढला, तर तो शिळ्या शेवयांसारखा लोंबत होता. नवा बसवला, सुई ठेवली, आणि वेलिमोव पळत सुटला.

मी घड्याळ लावून बसलो होतो. अठरा मिनिटं चाळीस सेकंदं. तबकडीवर छापलेला ‘18.40’ हा आकडा मी छत्तीस वर्षं किंमत समजत होतो. व्याख्यानात एक वाक्यही होतं, की रशियात प्रतिभेची किंमत अठरा रुबल चाळीस कोपेक.

शोक कुठंच नव्हता. ती एक खट्याळ, टाचा आपटत केलेली नक्कल होती. मध्ये चेलो इतका गंभीर आव आणतो की बाकी तिघांना हसू आवरत नाही. धम्मप्रिया तर पदर तोंडाला लावून हसत होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. या तबकडीला ती पहिल्यांदा हसली, आणि ते दुसऱ्या माणसाकडे बघून.

‘‘अहो, हा विनोदी आहे हे आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘वहिनी, ते चेलोवालं परत लावू?’’ अल्लाउद्दीनभाई म्हणाले. चेलो हे नाव त्यांना आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं.

‘‘लावा की.’’

त्यांनी परत लावलं. माझ्या प्लेअरवर, मला न विचारता. पुढच्या चार दिवसांत ते दोनदा आले. शिलाई मशीन एव्हाना उत्तम चालत होतं. एकदा सायराबानूभाभींना घेऊन आले. तिघं ऐकत बसले, आणि मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी चहा ठेवला. ‘‘साखर कमी घाला हो,’’ एवढंच माझ्याशी बोलणं झालं. वेलिमोव आमच्या घरात राहायला आला होता आणि त्याची माझी ओळख नव्हती.

आणि पुस्तिका छापून झाली होती. दोनशे प्रती. पान सातवर आवंढा, पान बारावर आधुनिक माणसाचं संथ दुःख, मलपृष्ठावर माझा फोटो, संथ.

कार्यक्रमाच्या रविवारी, प्लेअर घेऊन निघण्याआधी, मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, नवा पट्टा काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि जुना पुन्हा चढवला. माणूस आपला चष्मा शोधून डोळ्यांवर चढवतो, तसं वाटलं.

वाचनालयात यंदा तीस लोक होते. शताब्दी आणि कांदाभजी, दोन्हींचा परिणाम. पहिल्या रांगेत धम्मप्रिया, शेजारी सायराबानूभाभी, त्यांच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात अल्लाउद्दीनभाई. रुद्रप्पा अण्णांनी पुस्तिकेचं प्रकाशन केलं. मी वीस मिनिटं बोललो. मग तबकडी लावली.

पहिल्याच सुराला अल्लाउद्दीनभाईंची मान वळली. धम्मप्रियाचीही, पण ती माझ्याकडे वळली. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो. सभागृह मात्र शोकात बुडालं. रुद्रप्पा अण्णांनी डोळे मिटले. एकानं चष्मा काढून पुसला. मला वाटलं, जमलं.

सहाव्या-सातव्या मिनिटाला हेलकावा आला, आणि अल्लाउद्दीनभाई उठले. मला पक्कं ठाऊक आहे, त्यांनी ते ठरवून केलं नाही. शेडमध्ये उठत असतील तसे उठले. टेबलाजवळ आले, फिरत्या थाळीच्या कडेला मधलं बोट लावलं आणि तिला हलकेच पुढं ढकलू लागले. एका बोटानं, कान वाकडा करून. वेलिमोवनं मान वर केली. चेलोनं गंभीर आव आणला, बाकी तिघं खुसखुसले, आणि मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग अजून दोघं हसले. अर्धा मिनिट असेल ते. मीही ऐकलं. त्यांच्या बोटाखाली ते माझ्या घरात वाजलं होतं त्याहून छान वाजत होतं. हे लिहायला मला तीन आठवडे लागले.

मग ते भानावर आले. आपण कुठं उभे आहोत हे त्यांना दिसलं. त्यांनी बोट काढून घेतलं, आणि वेलिमोव पुन्हा शोकाकुल झाला.

‘‘माफ करा सर,’’ ते म्हणाले. ‘‘हाताची सवय हाय.’’

रुद्रप्पा अण्णांनी डोळे उघडले. ‘‘सर, ते मधलं काय होतं हो? ते परत लावा की.’’

‘‘होय, तेच लावा,’’ मागून आवाज आला. ‘‘ते गमतीचं.’’

तीस माणसं माझ्याकडे बघत होती. छत्तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे एवढ्या उत्सुकतेनं पाहिलं नव्हतं, आणि आता पाहत होती ती दुसऱ्याच्या बोटासाठी. माझ्यासमोर दोनशे पुस्तिकांचा गठ्ठा होता. धम्मप्रिया माझ्या खिशाकडे बघत होती. पांढऱ्या शर्टातून काळा पट्टा दिसतो, हे निघताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी सुई उचलली. खिशातून पट्टा काढला आणि अल्लाउद्दीनभाईंच्या हातात दिला.

त्यांनी दोन मिनिटांत तो बसवला. जुना पट्टा गुंडाळून माझ्या हातात ठेवला, जपून, कुणाचं तरी घड्याळ परत करावं तसा. सभागृहात सगळ्यांनी अठरा मिनिटं चाळीस सेकंदं वेलिमोव ऐकला आणि भजी गार झाली तरी कुणी उठलं नाही.

शेवटी अल्लाउद्दीनभाई पुस्तिका घेऊन माझ्यापुढं आले आणि म्हणाले, ‘‘सर, सही द्या की.’’ मी सही दिली. नवा पट्टा माझ्या खिशात कसा आला, हे त्यांनी विचारलं नाही. घरी पोचल्यावर धम्मप्रियानं विचारलं, रुद्रप्पा अण्णांनी फोन करून विचारलं. अल्लाउद्दीनभाईंनी अजूनही विचारलेलं नाही. परवा येऊन चहा पिऊन गेले, निळ्या काठाच्या कपात, तेव्हाही नाही.