ताईंच्या हातातलं बोट

वाचा-उपचार करणाऱ्या बाई त्या घरी पहिल्यांदा गेल्या, तेव्हा ताईंनी दारातच सांगून टाकलं, "आमचा भाऊ बोलतो बरं का. उगाच पहिलीपासून शिकवत बसू नका त्याला."

भाऊ म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. एकेकाळचा नावाजलेला शिंपी. मेंदूत गुठळी झाली आणि मानेखालचं शरीर लाकूड होऊन पडलं, वाचाही गेली. जेवण पोटात बसवलेल्या नळीतून. ताई कॉटवर बसल्या, अक्षरांचा तक्ता मांडीवर घेतला आणि भाऊंचा उजवा हात आपल्या मुठीत धरला. बोट तक्त्यावरून सरसर फिरलं. 'या. बसा. माझी ताई देवमाणूस आहे.'

ताईंनी डोळे पुसले. बाई मात्र भाऊंच्या डोळ्यांकडे बघत होत्या. बोट अक्षरं शोधत होतं आणि भाऊ छताकडे बघत होते.

"परवा डॉक्टर नळी बंद करणार आहेत," ताई आवाज खाली आणून म्हणाल्या. "आता पुरे, असं त्यानंच सांगितलं. आपण कोण अडवणार?"

ताई चहा टाकायला आत गेल्या तशी बाईंनी पिशवीतून कात्रीचं चित्र काढून भाऊंच्या डोळ्यांपुढे धरलं आणि परत ठेवून दिलं.

चहा आला. बाई सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "भाऊंना मी एक चित्र दाखवलंय. कसलं ते सांगतील?"

"सांगेल की!" ताईंनी हात धरला. बोट जरा घुटमळलं आणि त्यानं लिहिलं, 'फूल.'

"कात्री होती, ताई."

"थट्टा करतोय तुमची. लहानपणापासूनचा वात्रट आहे."

बाई भाऊंवर वाकल्या. "भाऊ, हो असेल तर डोळे वर. नाही असेल तर खाली. फूल होतं?"

डोळे खाली गेले.

"कात्री?"

वर.

"नळी बंद करा, असं तुम्ही म्हणालात?"

डोळे खाली गेले आणि खालीच राहिले.

"दमलाय तो," ताई म्हणाल्या. त्यांनी कप उचलले. बाईंचा चहा अजून अर्धा होता.

दुसऱ्या दिवशी बाई न कळवताच गेल्या. भाऊंच्या डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल बांधलेला होता.

"उजेड सोसत नाही म्हणतो," ताई म्हणाल्या.

"कसं म्हणाले?"

"कसं म्हणजे? तक्त्यावर."

बाईंनी गाठ सोडली. मग तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि ते येईपर्यंत कॉटपासून हलल्या नाहीत. डॉक्टरांनी तोच प्रश्न तीन तऱ्हेनं फिरवून विचारला. तिन्ही वेळा भाऊंचं उत्तर एकच आलं: जगायचंय. नळी बंद करणं रद्द झालं. ताई मान डोलावत राहिल्या, "बरं झालं हो, बरं झालं," म्हणत डॉक्टरांना दारापर्यंत सोडून आल्या आणि भावाच्या उशाशी बसून त्याचे केस विंचरू लागल्या. अगदी मायेनं.

बाई निघाल्या होत्या. पण पाय निघेना. त्या परत भाऊंच्या समोर आल्या, खाली वाकल्या आणि त्यांच्या कानाशी पुटपुटल्या, "भीती वाटते? त्यांची?"

भाऊंचे डोळे वर गेले. वरच राहिले.

"काय म्हणतोय?" ताईंनी विचारलं. कंगवा थांबला होता.

उभ्या आयुष्यात बाईंनी कुणाचं बोलणं बदलून सांगितलं नव्हतं.

"पाठ अवघडलीये म्हणतात," त्या हसून म्हणाल्या. "वळवायला माणूस लागेल. डॉक्टरांना विचारते, आजच दवाखान्यात हलवता येतंय का ते. तोवर मी आहे इथंच."

ताईंनी भावाचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"थांबा ना," त्या म्हणाल्या. "त्यालाच विचारू, जायचंय का ते."

बाईंनी तक्ता उचलून काखेत मारला आणि दुसऱ्या हातानं फोन लावला.